दोन हजार यार्डांच्या आतला माणूस

१४ एप्रिल आला की आपल्या वस्त्या निळ्या होतात. त्याच दिवशी सरकारी कार्यालयांत, कारखान्यांत आणि अग्निशमन केंद्रांत आणखी एक कार्यक्रम असतो. अग्निशमन सेवा सप्ताहाचा तो पहिला दिवस. जयंतीच्या मिरवणुकीची परवानगी काढायला गेलेले आपले तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, साहेब, या लोकांनी नेमकी हीच तारीख का धरली? उत्तर मुंबईच्या गोदीत आहे, आणि ते प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षे पूर्ण होत होती आणि ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचे ब्रिटिश मालवाहू जहाज दोन दिवसांपासून उभे होते. जहाजाच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, सगळेच. हे जहाज इंग्लंडहून निघून कराचीला थांबले, तिथे विमानांचे खोके उतरवले आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी भरल्या. जोडीला वंगणतेल, लाकूड, गंधक आणि माशांचे खत. ज्याने कधी गावात कापसाच्या गंजीला आग लागलेली पाहिली आहे, त्याला हे मिश्रण काय आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कापूस आतल्या आत धुमसतो आणि बाहेर धूर येतो तोवर उशीर झालेला असतो. त्या कापसाच्या शेजारी, वर आणि खाली दारूगोळा! स्फोटके असल्याची खूण म्हणून जहाजावर लावायचा लाल बावटाही नव्हता.

दुपारी धूर दिसला. बंब आले, पाणी मारणे सुरू झाले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. जहाजे उडाली, गोदामे गेली, आजूबाजूच्या वस्त्या पेटल्या. आग विझवणारे सहासष्ट जवान मेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात.

पण आम्हाला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. त्या जहाजावर एकतीस लाकडी पेट्यांत सोन्याच्या एकशे चोवीस विटा होत्या. किती पेट्या, पेटीत किती विटा, एका विटेचे वजन किती, याचा हिशेब कागदावर होता आणि आजही आहे. आणि माणसे किती मेली? कोणी आठशे म्हणतो, कोणी तेराशे. पाचशे माणसांचा फरक! गोदीतला हमाल, रोजंदारीवरचा मजूर, कोळसा उचलणारी बाई यांची मोजदाद करता येईल असा कागदच कोणाजवळ नव्हता. सोन्याची वीट वहीत होती, तिच्या शेजारी उभा असलेला माणूस वहीत नव्हता.

या घटनेला ऐंशीहून जास्त वर्षे झाली. गोरे साहेब गेले, आपले राज्य आले, संविधान आले. वही मात्र फारशी बदललेली नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते आम्ही विदर्भातल्याच उदाहरणावरून मांडणार आहोत.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दारूगोळा, रणगाडे, क्षेपणास्त्रे सुरक्षित कशी ठेवावीत आणि कशी न्यावीत याचे नियमच नाहीत, असा आमचा आरोप नाही. नियम उत्तम आहेत. आम्ही वकील आहोत, स्फोटकांचे जाणकार नव्हे. पण पक्षकारांच्या निमित्ताने हे नियम आम्हाला वाचावे लागले आणि वाचून आम्ही थक्क झालो. एवढी काळजी या देशात कोणत्याही माणसाची घेतली जात नाही.

पहिले सूत्र अंतराचे. एका कोठारात किती स्फोटक आहे यावर शेजारचे कोठार किती लांब हवे, रस्ता किती लांब हवा, वस्ती किती लांब हवी हे ठरते. अंतर साठ्याच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे साठा आठ पट झाला तर सुरक्षित अंतर दुप्पट. दुसरे सूत्र सोवळ्याचे म्हणा! कोणते स्फोटक कोणाशेजारी ठेवायचे आणि कोणाशेजारी नाही, याची सविस्तर वर्गवारी आहे. डिटोनेटर आणि मुख्य स्फोटक एका छपराखाली नांदत नाहीत. (माणसांच्या बाबतीत ज्यांनी हजारो वर्षे असे सोवळे पाळले त्यांनी ते दारूगोळ्यापुरते ठेवले असते तर देशाचे भले झाले असते.) कोठाराभोवती मातीचे जाड बांध घालतात, म्हणजे स्फोटाचा धक्का आडवा न जाता वर जावा. वीजवाहक तारा, ठिणगी न उडवणारी अवजारे, गवत कापून मोकळे ठेवलेले पट्टे, तापमानाची नोंद, हे सगळे आलेच.

दारूगोळा म्हातारा होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. गोळा पुढे फेकणाऱ्या दारूत असलेले रसायन वर्षानुवर्षे हळूहळू कुजते. ते कुजू नये म्हणून त्यात स्थिरक मिसळलेला असतो, पण तोही संपत जातो. संपला की दारू आपल्या आपण तापू लागते. म्हणून ठरावीक काळाने नमुने काढून तपासावे लागतात आणि मुदत संपलेला माल नष्ट करावा लागतो.

रणगाडा रेल्वेने न्यायचा तर सपाट डब्यावर चढवून चाकपट्ट्यांना लाकडी ठोकळ्यांचे अडसर लावतात, साखळदंडांनी आवळतात, वरचा तोफेचा बुरूज कुलूपबंद करतात. दारूगोळ्याच्या डब्यात आणि इंजिनात साधे डबे जोडून अंतर राखतात. क्षेपणास्त्राचे तर आणखी नाजूक. ते बंद नळकांड्यात ठेवायचे, दमट हवा लागू द्यायची नाही, धक्का बसू द्यायचा नाही आणि प्रवासात त्याची डागणीची विद्युतजोडणी तोडलेली असली पाहिजे.

हे शेवटचे वाक्य साधे वाटेल. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू जवळ जाऊन पडले. त्यात स्फोटक शीर्ष नव्हते म्हणून अनर्थ टळला. ऑगस्ट २०२२ मध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले गेले. पुढे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले तेव्हा हवाई दलाने मांडलेल्या बाजूतून बाहेर आले की वाहनांवरील क्षेपणास्त्रांची जोडणी तोडलेली नव्हती. सरकारी तिजोरीचे चोवीस कोटींचे नुकसान झाले, हेही तिथेच कळले. वाचकांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे आपल्याला कळले कारण बडतर्फ अधिकारी न्यायालयात जाऊ शकला. त्याच्याकडे सेवापुस्तिका होती, आदेशाची प्रत होती, वकील होता. देशाच्या सर्वांत गुप्त शस्त्रांपैकी एकाची गोष्ट न्यायालयात वाचली गेली आणि देशाची सुरक्षा काही ढासळली नाही. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

आता पुलगाव. वर्धा जिल्ह्यातले पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार हे लष्कराच्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि स्फोट झाले. आगरगाव, नागझरी, पिपरी या गावांतली माणसे रात्रीच्या अंधारात लेकरे काखेत घेऊन पळाली. एकोणीस जण मृत्युमुखी पडले. त्यात दोन लष्करी अधिकारी होते, बाकी बहुतेक अग्निशमन दलाचे कर्मचारी आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान. आग विझवायला गेले आणि परत आले नाहीत. १९४४ सालासारखेच.

बोट गेले ते रणगाडाविरोधी भूसुरुंगांकडे. या सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते. असा पाझरणारा माल उष्ण विदर्भात मे महिन्यात कोठारात ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि हे आकाशातून पडलेले संकट नव्हते. दारूगोळ्याच्या व्यवस्थापनावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल मे २०१५ मध्ये, म्हणजे बरोबर एक वर्ष आधी, संसदेत मांडला गेला होता. दारूगोळा भांडारांत अग्निशमनाची साधने ठरलेल्या प्रमाणात नाहीत आणि आगीचा धोका पत्करून ती चालवली जात आहेत, असा शेरा त्यात होता. त्याच्याही आधी, २८ एप्रिल २००० रोजी राजस्थानात भरतपूरचे भांडार जळाले होते. तिथे कारण काय? वाळलेले गवत! कापलेले नव्हते. २००७ साली काश्मिरात अनंतनागजवळ खुंद्रूचे भांडार पेटले आणि शेजारची गावे रिकामी करावी लागली. दर वेळी चौकशी, दर वेळी शिफारशी.

२०१६ च्या आगीत मेलेल्यांची नावे तरी देशाला कळली. त्यांना मानवंदना मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. ते कर्तव्यावर होते आणि कर्तव्याची नोंद होती.

२० नोव्हेंबर २०१८ ला जे घडले त्याची आठवण किती जणांना आहे? त्याच पुलगावजवळ, सोनेगावच्या बाजूला, भांडाराच्या मोकळ्या जागेत निकामी दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालले होते. माल जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा. सकाळी सातच्या सुमारास पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण मेले, दहाहून अधिक जखमी झाले. त्यांत निर्माणीचा कर्मचारी होता, पण जास्त करून होते ते ठेकेदाराने आणलेले मजूर. खड्डे खणायला आणि वाळूची पोती रचायला ठेकेदार नेमला होता, असे लष्कराकडूनच सांगण्यात आले. मग खड्डे खणणारा माणूस पेटीजवळ काय करत होता?

इथे आम्हाला एका पाटीबद्दल सांगायचे आहे. आयुध निर्माणीत किंवा भांडारात स्फोटकांच्या प्रत्येक इमारतीच्या दारावर एक पाटी असते. आत जास्तीत जास्त किती किलो स्फोटक असावे आणि जास्तीत जास्त किती माणसे असावीत, असे दोन आकडे तिच्यावर लिहिलेले असतात. कामगार तिला 'मॅन लिमिट'ची पाटी म्हणतात. तत्त्व असे, की कमीत कमी माणसे, कमीत कमी वेळ, कमीत कमी मालाजवळ. आता हिशेब करा. सहा मृत अधिक दहा जखमी म्हणजे सोळा माणसे तर स्फोटाच्या टप्प्यातच होती. उघड्या मैदानाला दार नसते, त्यामुळे तिथे पाटी लावायचीही सोय नाही!

या गावांत आणखी एक धंदा चालतो. दारूगोळा फोडून झाला की पितळेचे, तांब्याचे, लोखंडाचे तुकडे मैदानात पडतात. ते वेचून भंगारवाल्याला विकले तर चार पैसे मिळतात. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो पहाटे उठून स्फोटाच्या मैदानात तुकडे वेचायला जात नाही. तिथे कोण जातो, हे वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही. ज्यांची घरे गावकुसाबाहेर होती आणि ज्यांच्या वाट्याला मेलेले ढोर ओढण्याचे काम होते, त्यांच्या आणि त्यांच्यासारख्याच भूमिहीन आदिवासी, भटक्या, कुणब्यांच्या पोरांच्या वाट्याला आता मेलेला दारूगोळा ओढण्याचे काम आले आहे. फरक एवढाच, की तो कधी कधी मेलेला नसतो.

अंतराचा नियम या माणसाला कसा लागू होतो पाहा. १९०३ सालचा संरक्षण बांधकाम कायदा आहे. त्याखाली लष्करी ठिकाणापासून दोन हजार यार्डांपर्यंत बांधकामाला मनाई करता येते. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना याचे दुसरे नाव चांगले ठाऊक आहे. रेड झोन! देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीच्या पट्ट्यात निगडी, रुपीनगर, तळवडे अशा भागांतली हजारो कष्टकऱ्यांची घरे येतात. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या गुंठ्यावर त्यांना कर्ज मिळत नाही आणि बांधकाम नियमित होत नाही. सरकार त्यांना सांगते, तुम्ही स्फोटकांच्या फार जवळ राहता, तुमच्या जिवाला धोका आहे. कळवळा मान्य. त्याच कायद्यात निर्बंधांबद्दल नुकसानभरपाईचीही तरतूद आहे, ती मात्र सांगायला कोणी येत नाही. आणि झोपायला दोन हजार यार्ड लांब जा म्हणणारे हेच सरकार सकाळी त्याच वस्तीतल्या माणसाला ठेकेदारामार्फत बोलावून पेटी खांद्यावर देते. घर लांब हवे, खांदा जवळ चालतो!

देहूरोडचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. लष्करी डेपोंभोवती वाढलेल्या या गावात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा या ठिकाणच्या निर्माण्या आणि डेपोंनी आपल्या समाजाच्या दोन पिढ्या उभ्या केल्या. आमच्या पिढीतल्या किती वकिलांचे, डॉक्टरांचे, प्राध्यापकांचे बाप तिथे मजूर, फिटर किंवा फायरमन होते! कायम नोकरी होती, राखीव जागा होत्या, संघटना होती. वडिलांच्या डब्याबरोबर घरात पगाराची चिठ्ठी यायची आणि त्या चिठ्ठीवर मुलाला कॉलेजात प्रवेश मिळायचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. कंत्राटी पद्धत त्याच्या आधीपासूनच शिरली होती. ठेकेदाराच्या मजुराला आरक्षण नाही, संघटना नाही, पगाराची चिठ्ठीही नाही. धोक्याचे काम तेच, पण त्या कामाच्या बदल्यात मिळणारी प्रतिष्ठा आणि पुढच्या पिढीची शिडी काढून घेतली. म्हणूनच दारूगोळ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बाई आली होती. नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटे एका लष्करी ठिकाणी मालाची चढउतार करताना गेली होती. ठेकेदाराने दवाखान्याचे पहिले बिल भरले आणि हात वर केले. आम्ही नोटीस पाठवली. उत्तर आले, सदर इसम आमच्या हजेरीपटावर नाही, तो भंगार वेचण्यासाठी अनधिकृतपणे शिरला असावा. 'असावा'! आम्ही मुख्य दरवाजावरच्या नोंदवहीची मागणी केली. ती सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही, असे कळवले गेले. म्हणजे पाहा, आत काय आहे हे गुप्त, आत कोण होते हेही गुप्त. शेवटी त्याच्यासोबत काम करणाऱ्या दोघांच्या साक्षीवर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ठेकेदाराच्या मुनीमाने केलेल्या सहीवर दावा उभा राहिला. सही नसती तर काहीच नव्हते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या कार्यकर्त्यांना ते उपयोगी पडेल. १८८४ चा स्फोटक कायदा खाजगी कारखान्याला पदोपदी बांधतो. पण त्याच्या कलम १४ ने सशस्त्र दले आणि आयुध निर्माण्यांना त्यातून बरीच सूट दिली आहे. अपघाताची खबर देणे आणि चौकशी करणे या कलमांना मात्र ती सूट लागू नाही. लष्कर स्वतःची चौकशी 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' नेमून करते. १९५४ च्या सैन्य नियमांप्रमाणे त्या चौकशीतील जबाबांच्या प्रती मागण्याचा हक्क सैन्य कायद्याखाली येणाऱ्या माणसाला आहे. मेलेल्या कंत्राटी मजुराची विधवा सैन्य कायद्याखाली येत नाही. म्हणून ज्याच्या चारित्र्याला डाग लागू शकतो तो कागद मागू शकतो, आणि जिचे कुंकू पुसले गेले ती मागू शकत नाही.

भरपाईच्या बाबतीत कायदा तेवढा निर्दय नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात स्पष्ट होते, की मूळ मालकाने आपले काम ठेकेदाराकडून करून घेतले तरी जखमी मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालकाची. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. सरकारी वकील इथे हमखास म्हणतात, लष्कर म्हणजे काही व्यापारधंदा नव्हे. त्याचेही उत्तर कलम २ च्या दुसऱ्या पोटकलमात होते. सरकारी खात्याचे कामकाज हा त्या खात्याचा व्यापारधंदाच समजावा, असे त्यात म्हटले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. मूळ मालकाच्या जबाबदारीचे तत्त्व संहितेतही आहे. जुन्या अपघातांचे दावे मात्र जुन्या कायद्याखालीच बघायचे. शिवाय १९८६ सालच्या मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, की जो अतिधोकादायक उद्योग चालवतो त्याची जबाबदारी निरपवाद आहे, काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. आणि १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालाने सांगितले, की जगण्याच्या हक्काचा भंग झाला तर सार्वभौमत्वाची ढाल पुढे करून राज्यसंस्थेला भरपाई टाळता येणार नाही. कागद भक्कम आहेत. अडते ते एकाच ठिकाणी, माणूस तिथे होता हे सिद्ध करण्यापाशी.

यावर देशभक्तीचे प्रमाणपत्र वाटणारे विचारतील, तुम्हाला लष्कराची गुपिते हवीत का? आम्हाला कोठारात किती क्षेपणास्त्रे आहेत ते नको. कोणती गाडी कोणत्या रात्री कुठे चालली ते नको. ज्या समाजाचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत लढले, ज्याचा बाप सुभेदार रामजी होता त्याच्या अनुयायांना देशप्रेम शिकवू नका. मजुराला दिलेल्या बुटाच्या जोडांची संख्या हे लष्करी गुपित नाही. त्याला धोक्याची सूचना मराठीत दिली की इंग्रजीत चिकटवली, हे शत्रूला कळून काही उपयोग नाही. ब्रह्मोसच्या जोडणीची हकीकत उच्च न्यायालयात वाचली जाऊ शकते, तर हजेरीपट का नाही?

आमची मागणी मोठी नाही. दारूगोळ्याच्या चढउताराचे आणि नष्ट करण्याचे काम कंत्राटी मजुराकडून करून घेणे बंद करा. ते प्रशिक्षित आणि कायम कामगाराचे काम आहे. तोवर जो आत जाईल त्याचे नाव आत जाण्यापूर्वी लिहा आणि त्या नोंदीची एक प्रत भांडाराच्या बाहेर, तहसील कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत, रोज जमा होऊ द्या. उघड्या मैदानालाही माणसांची मर्यादा लावा. भंगार वेचणाऱ्यांना हाकलून प्रश्न सुटत नाही, पोट त्यांना पुन्हा आणते. मैदान साफ करून धातूची रीतसर विक्री करा आणि त्यातला वाटा त्या गावांना द्या.

सरकार हे आपण होऊन करील अशा भ्रमात आम्ही नाही. म्हणून देवळी, पुलगाव, भंडारा, भद्रावती, वरणगाव, देहूरोड या भागांतल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या वस्तीतून कोण कोण ठेकेदाराकडे जातो, कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीने, याची साधी वही विहारात ठेवा. मजुराने संध्याकाळी येऊन सही करावी, सही येत नसेल तर अंगठा करावा, दोघांनी साक्ष घालावी. न्यायालयात ही वही आम्ही पुरावा म्हणून मांडू.

आणि माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाका. कलम ८ दाखवून नकार देतील. मग कलम १० दाखवा. जेवढे गुप्त आहे तेवढे झाकून उरलेला कागद द्यावा लागतो. कलम ८ चे दुसरे पोटकलमही दाखवा, गुप्ततेपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते. अर्जात दारूगोळ्याबद्दल एक शब्द लिहू नका. एवढेच विचारा: मागील तीन वर्षांत कोणत्या ठेकेदारांना मजूर पुरवण्याचे काम दिले, त्यांचे परवाना क्रमांक काय, मजुरांच्या विम्याच्या प्रती द्या, अपघातांची तारीखवार संख्या द्या, प्रत्येक अपघातात किती भरपाई कोणाला दिली ते सांगा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखला जोडा. तीस दिवस वाट पाहा, नंतरच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. नकाराचे पत्र आले तर फाडू नका, त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. त्या पत्राखाली कोणातरी अधिकाऱ्याचे नाव असते, सही असते आणि तारीख असते.